हळदपेठेतल्या मांजरी

सांगलीत आम्ही ज्या खोलीत राहत होतो, तिच्या मागच्या भिंतीला लागून हळदीचं गोदाम होतं. खिडकी उघडली की भांड्यांवर, अंथरुणावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळी भुकटी बसायची. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. पहाटे ड्यूटीवर गेले की पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच परत यायचे. मी घरी मशीनवर बायकांची पोलकी शिवायची. माझं माहेर मेढ्याकडचं, सासर तासगावच्या पलीकडचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे काही झालं त्यात ही गोष्ट सारखी आडवी येत राहिली.

गोदामात मांजरं फार होती. बहात्तरच्या दुष्काळात पेठेतल्या गोदामांत मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, आणि दुष्काळी कामांवर वाटायच्या सुकडीची पोती येऊन पडली आणि उंदीर माजले. तेव्हा व्यापाऱ्यांनी कुठून कुठून मांजरं आणून सोडली. दुष्काळ सरला, मिलो संपली, मांजरं राहिली. त्यांना खायला पुरेसं काही नव्हतं तरी ती वाढतच होती. पांढरी मांजरंसुद्धा हळदीत लोळून पिवळी झालेली. सवाष्णीसारखी दिसतात, असं पेठेतल्या बायका हसून म्हणायच्या.

एका सकाळी मी नळावर उभी असताना गोदामाच्या मागच्या दारानं एक हमाल खांद्यावर पोतं टाकून निघाला. पोतं हलत होतं आणि आतून बारीक आवाज येत होता. हे वर्षातून दोन-तीनदा व्हायचं. पिल्लांनी डोळे उघडायच्या आत ती गोळा करायची आणि पुलावरून कृष्णेत सोडायची. नळावरच्या आम्ही सगळ्या खाली बघायचो. त्या दिवशी मात्र दारात काकू उभ्या होत्या.

गोदाम आणि आमच्या खोल्या काकूंच्या मालकीच्या. जैन घरातल्या, लवकर विधवा झालेल्या, किडामुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या. आधी गोदाम त्यांचे दीर बघायचे. ते वारल्यावर सगळा व्यवहार काकूंच्या अंगावर आला आणि त्या पहिल्यांदा मागच्या दाराला यायला लागल्या. पोत्यात काय आहे, म्हणून त्यांनी विचारलं. हमालानं खरं ते सांगितलं. पिल्लं आहेत, दरसाल न्यावी लागतात, मोठे मालक असल्यापासून नेतोय. काकूंनी पोतं खाली ठेवायला लावलं, स्वतः सोडलं आणि पिल्लं एकेक करून परत गोदामात ठेवली.  त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पिल्लं वाचली असं आम्हाला वाटलं. पण पुढचे काही आठवडे जे बघितलं ते नदीपेक्षा वाईट होतं. आयांना दूध नव्हतं. पिल्लांचे डोळे पुवानं चिकटले, पोटं खपाटीला गेली. मी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायची. रोज सकाळी भिंतीच्या कडेला एखादं ताठ झालेलं सापडायचं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून काकूंना दिसणार नाही असं मी बाहेर न्यायची, आणि त्यांना ते दिसायचंच.

एकदा दुपारी त्या माझ्या मशीनशेजारी येऊन बसल्या. समोरच्या रेशन दुकानाच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता. त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "मारायचं नाही, आणि जगवता येत नाही. मग जन्मच थांबवायला पाहिजे, पोरी. माणसांचं करतात, तर मांजरांचं का होत नसेल?"

मला हसू आलं नाही. मी त्यांना घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले.

तिथले डॉक्टर तरुण होते, नुकतेच दहिवडीहून बदलून आलेले. तिकडं त्यांनी मेंढरं, शेळ्या आणि बैल बघितले होते. मांजराचं कुणी विचारायला येईल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. बोक्याचं सोपं आहे, म्हणाले, पण मांजरीचं पोट उघडावं लागतं, आणि ते मी कॉलेजात फक्त लांबून बघितलंय. काकू तिथल्या बाकावरून उठल्याच नाहीत. बैलगाड्या आल्या, गेल्या, दवाखाना बंद व्हायची वेळ झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, रविवारी या, पण काही झालं तर मला दोष देऊ नका.

काकूंच्या धर्मात हे बसतं की नाही हा प्रश्न होताच. गावात तेव्हा जैन मुनी महाराज आले होते. त्यांना विचारून का येत नाही, असं मी म्हटलं. काकूंनी जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ते नको म्हणाले तर मी काय करू?" आणि त्या विचारायला गेल्या नाहीत.

धरायचं काम गोदामाच्या राखणदाराकडं आलं. साताऱ्याकडचा पेन्शनर हवालदार, पलटणीत खेचरं सांभाळलेला. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं काठीवर तिरकं उभं करायचं, आत आमिष ठेवायचं आणि मांजर आत शिरलं की दोरी ओढायची, अशी त्याची तऱ्हा. दुधाला मांजरं फसेनात. मग मी सुकट भाजली. त्या खोल्यांत सुकट आणायची नाही हा काकूंचा पहिला नियम होता. वास सुटला तशा त्या पदर नाकाला लावून दारात आल्या, डालग्याकडं बघितलं आणि परत गेल्या. त्या दिवशी एक बोका आणि एक मांजरी सापडली.

रविवारी दवाखाना बंद असायचा. डॉक्टरांनी चहाच्या गाळणीत कापूस भरला, त्यावर भुलीचं ईथर टाकलं आणि ती मांजराच्या तोंडावर कशी धरायची ते मला दाखवलं. बोक्याचं पटकन झालं. मांजरीचं पोट उघडल्यावर डॉक्टर थांबले. आत माळेतल्या मण्यांसारख्या गाठी होत्या. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डॉक्टर म्हणाले, गाभण आहे, आता मागं फिरता येत नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम खाली पडत होता आणि मी एका हातानं तो पुसत होते. मांजरीचा श्वास मध्येच लांबला, परत आला, मग आलाच नाही. मी गाळणी केव्हाच बाजूला केली होती. तिचं डोकं माझ्या तळहातावर होतं, आणि ते जड व्हायला लागलेलं मला जाणवलं.

काकू बाहेर पायरीवर बसल्या होत्या. डॉक्टरांनी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, पोटातल्या पिल्लांचंही. काकूंनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलत राहिले. आता हे इथंच संपलं असं मला वाटलं. परत जाताना रस्त्यात त्या एवढंच म्हणाल्या की, दरसाल नदीत जाणाऱ्या त्या पोत्यात किती पिल्लं असायची ते मी कधी मोजलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो.

गाभण मांजरीला हात लावायचा नाही हे ठरलं, आणि ते कसं ओळखायचं हे डॉक्टरांनी मला शिकवलं. मांजरी शांत असताना पोटाखालून बोटं हलकेच फिरवायची. दिवस भरत आले की कुणालाही कळतं, पण सुरुवातीला जांभळाएवढ्या गाठी लागतात, दाबायचं नाही, नुसतं चाचपायचं. मी शिकले. मांजरीच्या पोटावर बोटं फिरवताना त्या लागल्या की माझा हात तिथंच थांबायचा. हवालदार विचारायचा, "हाय का वैनी?" मी मान हलवायची आणि तो डालगं उचलून तिला जाऊ द्यायचा. ती विऊन पिल्लं सुटी झाली की मग तिची पाळी. दर महिन्याला मी स्वतः ज्याची वाट बघून थकले होते, ते दुसऱ्याच्या पोटात बोटांना लागायचं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं कुणी नव्हतं.

ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या कानाचं टोक डॉक्टर कापायचे. माण तालुक्याकडचे धनगर मेंढरांच्या कानाला खूण करतात तसं. नंतर ती गोदामाशेजारच्या रिकाम्या खोलीत डालग्याखाली आठवडाभर राहायची. मी तिला खाऊ घालायची, टाके बघायची. मधूनमधून एखादी दगावायची, पण बऱ्याच जगायला लागल्या. डॉक्टरांचा हात बसला. पावसाळ्यापर्यंत अर्धे कान कापलेले दिसू लागले.

त्याच सुमाराला सासूबाई गावाहून आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या आल्या होत्या मला मिरजेला दाखवायला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांकडं माझ्या सगळ्या तपासण्या आधीच झाल्या होत्या, त्या परत झाल्या. ह्यांनाही आणा, असं तिथली डॉक्टरीणबाई म्हणाली. आत्याबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि ह्यांची ड्यूटी कधी मोकळी झालीच नाही. मी मशीनवर बसले असताना नळावरच्या कुणीतरी आत्याबाईंना सांगितलं की तुमची सून रविवारी कुठं जाते.

त्या आत आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आगं, तू मुक्या जिवांची कूस बंद करत हिंडतीस. मग द्येव तुझी उघडील व्हय?"

 खोटं कशाला सांगू, हा विचार माझ्या मनात आधी येऊन गेला होता. त्या पहिल्या मांजरीच्या वेळीच आला होता. मी रविवारी सकाळी देवाला दिवा लावताना दर वेळी थबकायची. पण आपल्याच मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते खरं वाटायला लागतं. पेठभर हेच चाललं होतं हेही मला त्या दिवशी कळलं. पोलकी शिवायला येणाऱ्या गरोदर बायका कधीपासून येईनाशा झाल्या होत्या. दुसरा शिंपी स्वस्त शिवत असेल, असं मी समजत होते.

आत्याबाई राहिल्या. पुढं पुढं त्यांच्या बोलण्यात गावाकडच्या एका मुलीचं नाव यायला लागलं. घरची गरिबी, वय जरा उलटलेलं, मुलगी कामाला वाघ. ती माझी धाकटी बहीण होऊन राहील, असं म्हणायच्या. हे त्या वेळी जेवत असायचे. ते भाकरी मोडायचे आणि गप्प राहायचे. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला लावता येत नव्हता, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

आणीबाणी तर होतीच. त्यात नसबंदीची सक्ती सुरू झाली. प्रत्येक सरकारी नोकराला केसेस आणायला सांगितलं होतं. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, कुणी सुटलं नाही. आमच्या डॉक्टरांनाही कॅम्पाच्या ड्यूटीवर लावलं. ते आठवडेच्या आठवडे खेड्यांत असायचे. जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी घाईघाईनं चार मांजरींची ऑपरेशनं केली आणि टाके कधी काढायचे ते मला सांगून ते निघून गेले.

पेठेत बाप्ये अंधार पडायच्या आत घरी यायला लागले. पोतं घेऊन जाणाऱ्या त्या हमालाच्या भावाला बाजारच्या दिवशी स्टँडवरून गाडीत घालून नेला होता. त्याचं लग्न होऊन वर्ष झालेलं, मूलबाळ काही नाही. परत आला तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. मग कुणीतरी उठवलं की, हे मांजरांचे डॉक्टर आणि कॅम्पातले डॉक्टर एकच आहेत, इथं मांजरांवर हात साफ करतात आणि मग माणसांवर येतात. रिकाम्या खोलीत मांजरी नाहीत, यादी ठेवलीय पेठेतल्या बाप्यांची, असंही म्हणायला लागले. हवालदारानं चारचौघांना खोली उघडून दाखवली. बघणाऱ्यांनी चार डालगी आणि कापलेले कान बघितले आणि ते आणखीच घाबरले.

एका दुपारी मी मशीनवर असताना आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेले तेव्हा तो हमाल चौथं डालगं उचलत होता. तीन मांजरी पळाल्या होत्या. चौथी माझ्या पायांतून गेली. मी त्याला काय बोलले ते आठवत नाही. तो मात्र शांतपणे बोलला.

"बाई, पोत्यातली पिल्लं एकदाच मरत्यात. तुमी ह्यांना अर्धं मारून जगवताय. माझ्या भावाकडं या, बघा कसं आसतंय ते."

तो रडत नव्हता, पण त्याच्याकडं बघवत नव्हतं. मी बाजूला झाले आणि तो निघून गेला.

तीन मांजरींचे टाके चांगले भरत आले होते, त्यांचं मला भय नव्हतं. चौथी, एक बारकी करडी मांजरी, तिचा टाका आदल्याच दिवशी जरा लाल दिसत होता. मी आणि हवालदार पोत्यांच्या थप्प्यांमधून तिला शोधत फिरलो. ती सापडली ती सगळ्यात आतल्या थप्पीमागं. उडी मारताना टाके उसवले होते आणि आतलं बाहेर आलं होतं, हळदीत माखलेलं. ती ओरडत नव्हती. आमच्याकडं बघत होती.

हवालदार दवाखान्यात पळत गेला. डॉक्टर जतकडं कुठंतरी होते, केव्हा येतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यातला शिपाई भुलीचं औषध द्यायला तयार होईना. हवालदार हात हलवत परत आला.

मी तिला ओच्यात घेऊन खोलीवर आले. स्टोव्हवर पाणी उकळलं, त्यात सुई टाकली, रेशमाची लडी टाकली. तिला धरायला कुणी पाहिजे होतं. काकूंच्या हातात ती राहीना. हवालदार एकटा पुरेना. आत्याबाई कोपऱ्यात बसून सगळं बघत होत्या. त्या उठल्या, पदर खोचला, माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि मांजरीचे मागचे पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरले. शेळी अडली की धरायच्या तसे. "शिव," म्हणाल्या.

मी कोमट पाण्यानं धुतलं, आत लोटलं आणि शिवलं. पोलक्याचं कापड शिवणं वेगळं. इथं सुई टोचली की सगळं अंग हिसका द्यायचं आणि आत्याबाईंचे हात आणखी घट्ट व्हायचे. त्यांच्या मनगटावर मांजरीनं ओरखडे काढले, रक्त आलं. त्यांनी हात हलवला नाही. शेवटची गाठ मारली आणि मी हात धुवायला मोरीत गेले. परत आले तर त्या मांजरीच्या तोंडात बोटानं पाणी सोडत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली. अंग तापलं होतं, पाणी घेईनाशी झाली होती. मी जवळच बसले होते.

संध्याकाळी आत्याबाईंनी हातावरच्या ओरखड्यांना हळद लावली आणि मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "मी पाय धरलं, म्हणून निम्मं पाप माज्याबी पदरात आलं. आता तरी सोड हे."

मी सोडलं. खरंच सोडलं. आत्याबाईंनी जिथं नेलं तिथं गेले. एका गावात एक बाई अंगात आल्यावर सांगायची, तिच्यासमोर बसले. कडू काढे प्याले. मंगळवार धरले. ह्यांच्याशी बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. ते आले की मी ताट वाढायची, झोपले की दिवा मालवायची. गोदामाकडची खिडकी मी बंद करून टाकली, पण मांजरांचे आवाज भिंतीतून यायचेच. डॉक्टर परत आले नव्हते, कान न कापलेल्या मांजरी अजून पुष्कळ होत्या, आणि थंडी संपता संपता त्या परत ओरडायला लागल्या.

 काकू मला बोलवायला आल्या नाहीत. पिल्लं झाली तशी त्यांनी ती आपल्या माजघरात आणली आणि एकट्या बोळ्यानं पाजायला लागल्या. पिल्लं मरायला लागली. एक पिल्लू मेलं की त्या एक दिवस उपास करायच्या. एका सकाळी हवालदार माझ्या दारात आला. म्हणाला, काकू चार दिवस नुसत्या पाण्यावर हायत, माझं ऐकंनात.

मी गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर फडकं, फडक्यात दोन पिल्लं. दोन्ही मेलेली होती. त्यांना ते कळलं नव्हतं, किंवा कळून त्यांनी खाली ठेवली नव्हती. मी ती उचलून घेतली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. काही मागितलं नाही. त्यांच्या हाताला नुसती हाडं लागत होती.

घरी येऊन मी पायांत चपला घातल्या. आत्याबाईंनी विचारलं, कुठं? दवाखान्यात, मी म्हटलं, डॉक्टर आले असले तर बघते. त्यांनी दार अडवलं. तेव्हा मी जे बोलले ते आजपर्यंत मला शब्दाला शब्द आठवतं.

"आत्याबाई, मी मांजरं धरायला लागले त्याच्या आधी माझ्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हा मी कुणाची कूस बंद केली होती? तेव्हा देवानं का नाही उघडली?"

 त्या दारातून बाजूला झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या गावाला गेल्या. जाताना म्हणाल्या, त्या पोरीच्या घरच्यांना मी आता शब्द देणार. हे गाडीवर होते. मी पिशवी स्टँडवर पोचवली आणि पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच.

इलेक्शन झालं, सरकार बदललं, आणि डॉक्टर परत आले. किती वाळले होते. कॅम्पाविषयी त्यांनी एकदाही काही सांगितलं नाही. रविवारी दवाखान्यात पहिली मांजरी टेबलावर ठेवली तेव्हा त्यांना चाकू हातात घेववेना. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी गाळणी धरून थांबले. बऱ्याच वेळानं ते आले आणि आम्ही काम सुरू केलं. पावसाळा येईपर्यंत एकही रविवार चुकवला नाही. हमालांनी आम्हाला अडवलं नाही आणि मदतही केली नाही. त्या वर्षी पावसाळ्यानंतर गोदामात एकच वीण झाली. त्यातली तीन पिल्लं जगली.

काकूंनी ती बघितली, पण त्यांची प्रकृती त्या उपासांनंतर सावरली नाही. दिवाळीनंतर त्या गेल्या. गोदाम त्यांच्या पुतण्याकडं आलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. मांजरांचं काय करायचं, हा प्रश्नच त्याच्यापुढं नव्हता, त्याला उंदरांचं बघायचं होतं. त्यानं उंदरांचं औषध आणून थप्प्यांच्या मागं टाकलं. मी जाऊन सांगितलं, विनवलं. औषध उंदरांसाठी आहे, वहिनी, मांजरांना कोण घालतंय, म्हणाला. मांजरांनी औषध खाल्लेले उंदीर खाल्ले.

त्या आठवड्यात मी आणि हवालदार पाटी घेऊन गोदामातून फिरलो. पहिल्या दिवशी मी कान बघत होते. नंतर बघायचं सोडून दिलं. कृष्णेच्या घाटाच्या खालच्या बाजूला मऊ जागा होती, तिथं हवालदारानं खड्डे काढले. काम करता करता तो एकदाच थांबला. म्हणाला, "पलटणीत सुदिक आसं न्हाई बगितलं, वैनी." मी त्याच्या हातातली कुदळ घेतली आणि त्याला बसायला सांगितलं. डॉक्टर दोन मांजरींना वाचवता येतं का ते बघायला धावत आले होते. एकही वाचली नाही. पुढं त्यांची बदली झाली. आमचा निरोप घ्यायला आले तेव्हा आम्ही तिघंही मांजरांविषयी सोडून बाकी सगळं बोललो.

उन्हाळ्यात ह्यांचीही साताऱ्याच्या डेपोला बदली झाली. सामान टपावर बांधून आम्ही सांगली सोडली. गाडी हेच चालवत होते. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले होते, मशीन पायांशी. रस्ताभर मी त्यांच्या मानेकडं बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, की ती मुलगी साताऱ्यात केव्हा येईल, आणि दोन खोल्यांत आम्ही तिघं कसे राहणार.

कराडच्या स्टँडवर त्यांनी खिडकीतून मला चहाचा कप दिला. कंडक्टर नोंद करायला गेला होता. ते खाली उभे राहून बिडी ओढत म्हणाले, "आईला मी सांगून टाकलंय. दुसरी करणार न्हाई म्हणून."

मी विचारलं, कधी सांगितलं?

"कवाच. ती सांगलीस्नं परत गेली, तवाच."

म्हणजे त्याला वर्ष उलटून गेलं होतं. मग मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्यांनी बिडी विझवली. म्हणाले, "तू इचारलं न्हाईस."

त्या वर्षातली एकेक रात्र मला आठवली. बंद खिडकी आठवली. एवढे दिवस धास्ती घेऊन मी ज्यांचं ताट वाढत होते, त्यांच्याकडं बघत मी कप धरून बसले. राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि आनंदही झाला नाही. मी उरलेला चहा पिऊन टाकला. कंडक्टर परत आला, त्यानं दोनदा घंटी दिली. ह्यांनी रिकामा कप माझ्या हातातून घेतला, चहावाल्याला दिला आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले.